अर्धी खूण बापाची

मुगभाट, गिरगाव
११ मार्च १९५६

मालन,

वर काय लिहायचं यातच दोन कागद फुकट गेले. 'चिरंजीव' लिहिलं आणि खोडलं. दोन वर्षांपूर्वी तू रामदास तांबे यांच्याशी रजिस्टर लग्न केलंस, त्या दिवशी मी लालबागच्या आपल्या चाळीतल्या मोरीत उभा राहून तुझ्या नावानं आंघोळ केली होती. अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी तांब्या आपटून. मुलगी जिवंत असताना असं केलेल्या माणसानं चिरंजीव कसं लिहावं? म्हणून नुसतं मालन.

रामदास गेल्याला दोन महिने होत आले. मी भोईवाड्याला आलो नाही. तुझी आई येऊन गेली, येत असते, हे मला ठाऊक आहे. मी तिला अडवलं नाही. अडवलं असतं तरी ती थांबली नसती. एरवी गरीब वाटते, पण यंदा तिच्यात काहीतरी फिरलंय. घरात बोलत नाही. संक्रांतीचा तिळगूळ डब्यात तसाच पडून आहे. काय झालं विचारलं तर म्हणते, "काय जावचा आसा?" जसं काही झालंच नाही.

रामदास गेला त्या बुधवारी मी दुकानात नव्हतो, हे तिनं तुला सांगितलंच असेल. मंगळवारी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांवर गोळीबार सुरू झाला तसा मी दुकानाच्या फळ्या आतून लावल्या आणि मागच्या दारानं गंगाधरच्या छापखान्यात गेलो. तिथंच तीन दिवस काढले. शुक्रवारी घरी आलो तेव्हा कळलं. आपल्या दुकानाच्याच गल्लीच्या तोंडाशी गोळी लागली म्हणतात. तो एवढ्या लांब गिरगावात कशाला आला होता कोण जाणे. मोर्चात असेल. तरुण रक्त.

आई म्हणाली, तुला सहावा महिना आहे. जपून राहा.

आणखी काय लिहू? बाइंडिंगचं काम चालू आहे. कॉलेजातले एक म्हातारे स्पॅनिश पाद्री आहेत, फादर आंद्रेस. त्यांनी नाताळच्या आधी एक पोथी आणून दिली. त्यांच्या धर्मातली प्रार्थनेची पोथी. पाचशे वर्षांपूर्वी हातानं लिहिलेली, वासराच्या कातड्याच्या पानांवर. अक्षर असं की आपण श्वास रोखावा. बाइंडिंग नंतरचं आहे, तेही तीन-चारशे वर्षांचं, तपकिरी चामड्याचं. पुढे-मागे दोन्ही अंगांना मधोमध सोन्यात उठवलेली कुणा घराण्याची खूण आहे. पाठ फाटली होती आणि खुणेवरचं सोनं हाताळून हाताळून उडालं होतं. पाठ नवी लावायची आणि जिथं सोनं गेलंय तेवढंच भरायचं, बाकी कशालाही हात लावायचा नाही, असं फादरनी बजावलं. आयुष्यभर कोर्टाचे रिपोर्ट आणि वह्या बांधल्या. असं काम हातात प्रथमच आलं. पण जानेवारीच्या त्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. सोनं उठवायचा ठसा जास्त तापला आणि चामडं एका जागी करपलं. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

गुणाजी साटम


मुगभाट, गिरगाव
२ जुलै १९५६

मालन,

तुझं उत्तर आलं नाही. मी तसं लिहिलंच होतं. तरी टपालवाला गल्लीत शिरला की हात थांबतो.

मुलगी झाली हे आईकडून कळलं. सांगितलं नाही तिनं, मला कळलं. दुपारी घरी आली तर तिच्या पदराला बाळंतशेपाच्या धुरीचा वास होता. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "चेडू." मग, "नाक तुमचा आसा." आणि मोरीत जाऊन रडली. आनंदाचं रडणं निराळं असतं, ते मला ओळखू येतं. हे तसलं नव्हतं.

तुला एक सांगायचं आहे, आणि ते पोथीतूनच सांगता येईल. समोरासमोर मला जमलं नसतं.

परवा फादर काम बघायला आले. मी त्यांना विचारलं, या खुणेत आहे तरी काय? मी तिला इतके महिने ढाल समजत होतो. ते म्हणाले, "ढाल पुरुषाची असते, साटम. हा चौकोन बाईचा." मी म्हटलं, आमच्याकडे असल्या आकाराला शंकरपाळी म्हणतात. फार हसले. मग चष्मा पुसून त्यांनी एकेक करून दाखवलं. शंकरपाळीचे मधून उभे दोन भाग केलेले आहेत. डाव्या भागात उभा सिंह. उजव्या भागात तीन मासे, एकाखाली एक, आपल्या बांगड्यांसारखे.

"सिंह नवऱ्याच्या घराण्याचा," ते म्हणाले. "मासे तिच्या बापाच्या घराण्याचे."

"लग्न झाल्यावरसुद्धा?"

"लग्न झाल्यावरच तर दोन्ही शेजारी येतात."

भोवतीनं एक दोर आहे, जागोजागी गाठी मारलेला. मला ती नुसती वेलबुट्टी वाटली होती. मी तर ठशावर ठसा उठवत त्या गाठी सोन्यानं भरल्या होत्या. फादर म्हणाले, "हा दोर म्हणजे विधवा. नवरा वारला की बाई असा दोर घालून नवीन बाइंडिंग करून घ्यायची. प्रार्थनेसाठी रोज आठ वेळा ही पोथी हातात धरायची. हे बघा, इथं खालच्या कोपऱ्यात तिच्या अंगठ्यानं सोनं गेलंय."

मी विचारलं, "आणि बापानं तिला टाकलं असेल तर? मग ते मासे काढून टाकत?"

फादरनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही ठाऊक नाही, तरी पाहिलं. म्हणाले, "ते बापाच्या हातात नसतं."

ते गेल्यावर मी बराच वेळ ठसे तापवायची शेगडी पेटवली नाही. त्या मुलखात राजे-सरदार होते, आपण कोण? मालवणातून पोट भरायला आलेले. आपल्याला कसली खूण आणि कसलं घराणं? तरी मी तुझ्या नावानं आंघोळ करताना घराण्याची अब्रू म्हणून ओरडलो होतो. रामदास माणूस कसा आहे हे मी एकदाही विचारलं नाही. जात विचारली आणि थांबलो. तो भोईवाड्यात वाचनालय चालवायचा, तिथल्या फाटक्या पुस्तकांना स्वतः खळ लावून पुठ्ठे चढवायचा, हे मला त्याच्या मरणानंतर कळलं. माझ्याकडे आला असता तर मी त्याला शिवण शिकवली असती, असं लिहिणार होतो. पण ते खोटं झालं असतं. मी त्याला पायरीवरसुद्धा उभं केलं नसतं.

मुलीचं नाव काय ठेवलंत?

गुणाजी


मुगभाट, गिरगाव
१८ जानेवारी १९५७

मालन,

आज वर्ष झालं. सकाळी गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हार घातला होता. गल्लीतली पोरं घोषणा देत गेली. मी फळीआडून पाहिलं.

डिसेंबरात दादरला तू, तुझी सासू आणि सगळ्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतलीत, हे आईनं सांगितलं. मुलीचं नाव सुजाता ठेवलंत हेही. नाव छान आहे. आता मी कशालाच काही म्हणत नाही.

आई फार वाळली आहे. वर्षभर तिनं गोड तोंडात घातलं नाही. गणपतीत मोदक केले ते माझ्यापुढे ठेवले आणि आपण भाकरी खाल्ली. दर बुधवारी उपास करते. कुठल्या देवाचा ते सांगत नाही. जावयासाठी एवढं? त्याला तिनं पाहिला तरी किती वेळा होता? मी विचारलं तर म्हणाली, "तुमका नाय कळाचा." खरं आहे. पण तिच्याकडे पाहून माझं मला सहन होईना, म्हणून हे लिहितो आहे. वाचून झाल्यावर जे म्हणायचं ते म्हण.

मी त्या बुधवारी दुकानात होतो.

गंगाधर त्या आठवड्यात पनवेलला होता. त्याचा छापखाना बंद होता. मी कुठंही गेलो नव्हतो. फळ्या आतून लावून तीन दिवस दुकानातच होतो. चणे होते, माठात पाणी होतं. बाहेर आरडाओरडा, अश्रुधूर, मध्येच गोळ्या. भीती विसरायला मी काम काढलं. अंड्याचा पांढरा बलक लावला, सोन्याचा वर्ख चढवला, शेगडीवर ठसा तापवला. ते तीन मासे भरायचे होते. पहिला झाला. दुसऱ्यावर ठसा टेकवला आणि फळीवर थाप पडली.

"मामा, मी रामदास."

मला मामा म्हणून कुणी हाक मारणारं या जगात नव्हतं. तरी आवाज मी लगेच ओळखला. लग्नाआधी एकदा तो चाळीखाली उभा राहून तुझ्याशी बोलला होता, तेवढाच ऐकलेला. पण ओळखला.

दुसरी थाप. "मामा, आहात का आत?"

मला वाटलं, हा मोर्चातून पळत आलाय, मागे पोलीस आहेत, लपायला जागा मागतोय. दार उघडलं तर पोलीस आत येतील, फादरची पोथी तुडवतील, मला धरून नेतील. हे सगळं मी मनात म्हणालो. पण खोटं कशाला बोलू? त्याच्या आधी, सगळ्यांच्या आधी, मनात आलं ते असं : याला मी आत घेतला तर माझी आंघोळ फुकट गेली. चाळीत तोंड दाखवायचं कसं?

तिसऱ्यांदा त्यानं हळूच वाजवलं. आवाज दिला नाही. जरा थांबला. मग चपला वाजत गेल्या. पळत नव्हता, चालत होता. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गोळ्यांचा आवाज झाला. मी ठसा उचलला तेव्हा चामड्यातून धूर येत होता. दुसरा मासा करपून काळा झाला होता.

मी बाहेर जाऊन पाहिलं नाही. त्याला उचलायला लोक धावले, त्यांचा गलका मी ऐकला. तरी नाही.

फादरना मी शेगडी जास्त पेटल्याचं कारण सांगितलं. त्यांनी ऑगस्टमध्ये पोथी नेली. त्या डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "यावर आता सोनं चढवू नका." एवढंच.

तो लपायला माझ्याकडे आला होता आणि मी त्याला रस्त्यावर ठेवलं. हे तुला ठाऊक असलं पाहिजे. तुझ्या मुलीलाही पुढे कधीतरी.

गुणाजी


भोईवाडा, परळ
२ फेब्रुवारी १९५७

बाबा,

तुमची तिन्ही पत्रं माझ्याकडे आहेत. पहिली दोन मी फोडली नव्हती. तिसरं आलं तेव्हा, वर्षश्राद्धासारखं काही लिहिलं असेल असं वाटून, तिन्ही एकदम वाचली. शाळेत, मधल्या सुट्टीत. त्यानंतरचे दोन तास मी वर्गाला शुद्धलेखन घातलं.

रामदास तुमच्याकडे लपायला आले नव्हते. ते तुम्हाला न्यायला आले होते.

त्या बुधवारी सकाळी आई आमच्याकडे आली. लग्नानंतर पहिल्यांदाच. लालबागहून चालत, पायात चप्पल नाही. दारातूनच म्हणाली, "तुझो बापूस कालपासून घराक येवक नाय." मी तिला आत बसवते तोवर ह्यांनी शर्ट चढवला होता. मिल बंद होती, घरीच होते. "मी आणतो मामांना," म्हणाले. "बोळाबोळातून जाईन." मी म्हटलं, "ते तुमच्याबरोबर यायचे नाहीत." तर म्हणाले, "नाही आले तर मी दहा पावलं मागून चालेन. घरी पोचले म्हणजे झालं."

आईनं त्यांना जाऊ दिलं. मीही दिलं.

संध्याकाळी मला ते हॉस्पिटलात सापडले. शुद्धीवर होते. मला बघून पहिलं काय म्हणाले ठाऊक आहे? "मामा दुकानात नाहीत. आधीच सुटले असतील. बरं झालं." दोनदा म्हणाले. मग म्हणाले, "मी गेलो होतो हे त्यांना सांगू नका. उगाच मनाला लावून घेतील." तासाभरानं गेले.

म्हणून आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. ना आईनं, ना मी. मरणाऱ्या माणसानं तुमचं मन जपायला सांगितलं होतं.

"बरं झालं" या त्यांच्या शब्दांवर मी वर्षभर जगले, बाबा. माझा नवरा निदान समाधानानं गेला, असं सुजाताला पाजताना स्वतःला सांगत आले. तुमचं पत्र वाचेपर्यंत ते माझ्याकडे होतं.

आईचं सांगते. तिला वाटतं की तिनं पाठवलं म्हणून ते गेले. बंद दुकानासाठी तिनं जावयाचा जीव घालवला असं ती समजते. तेराव्या दिवशी तिनं माझ्या सासूच्या, रखमाआईंच्या पायावर डोकं ठेवलं होतं. "माका माफ कर गो" म्हणून. रखमाआईंनी तिला उठवून पाणी दिलं. तुम्ही तिचा उपास बघत होता आणि कुठल्या देवाचा म्हणून विचारत होता. जो गुन्हा तिनं केलाच नाही त्याचा तो उपास आहे.

तिला सांगा. तुमच्या तोंडानं. मी सांगणार नाही. रखमाआईंनाही मी काही सांगितलेलं नाही. मला ते धाडस नाही.

त्या पोथीतल्या बाईच्या अर्ध्या भागात बापाचे मासे होते, असं तुम्ही लिहिलंत. वाचून मला तुमची दया आली आणि रागही आला. शाळेच्या मस्टरवर माझं नाव मालन तांबे आहे. ते मी स्वतः लिहिलं. त्यात अर्धं कुणाचं नाही.

सुजाताला दोन दात आलेत. आईला ठाऊक आहे, पण ती तुम्हाला सांगणार नाही, म्हणून लिहिलं.

मालन


लालबाग
१९ फेब्रुवारी १९५७

मालन,

तुझ्या पत्रानंतर मी आठ दिवस काही केलं नाही. दुकान उघडायचं, बसायचं, बंद करायचं. दहा पावलं मागून चालेन म्हणाला. मी मनात ते चालून पाहतो. मुगभाट ते लालबाग, मी पुढे आणि तो मागे. मी वळून पाहिलं असतं का? कुठं ना कुठं पाहिलंच असतं. भायखळ्याच्या पुलापर्यंत तरी.

रविवारी दुपारी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, चण्यांपासून धुरापर्यंत. तिचा हात सुपातच राहिला.

"कितके वेळा हाक मारल्यान?" तिनं विचारलं.

"दोनदा. तिसऱ्यांदा नुसतं वाजवलं."

"आणि तुमी आयकलास."

"ऐकलं."

ती रडेल, मला मारेल, असं वाटलं होतं. तिनं सुपातले खडे वेचून संपवले. तांदूळ डब्यात भरले. मग म्हणाली, "वरीसभर मी तुमच्या म्होरे जळत होतंय. तुमी बघीत होतास." आणि डबा फळीवर ठेवून, "माका चेडवाकडे पोचवा."

मी म्हटलं, "कधी परत येशील?" तिनं माळ्यावरची ट्रंक काढली.

काल सोमवारी सकाळी तिची ट्रंक घेऊन आम्ही निघालो. ती पुढे, मी मागे. हिंदमाता थिएटरजवळ निवडणुकीची मिरवणूक चालली होती. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून लोक ओरडत होते. तिनं पदर कानावरून घेतला आणि वाट काढत गेली. एकदाही मागे पाहिलं नाही.

तू शाळेत होतीस. म्हणून हे तुला माझ्याकडून कळावं.

रखमाबाई गॅलरीत होत्या. कडेवर सुजाता. तुझ्या आईनं पोरीला घेतलं आणि आत गेली. मला आत या असं कुणी म्हणायच्या आत मी परतणार होतो. पण रखमाबाईंनी माझ्या हातातली ट्रंक घेतली आणि म्हणाल्या, "व्याही, उन्हातनं आलाव. बसा. चहा टाकते."

व्याही म्हणाल्या, मालन. मग मला गप्प राहून जाता येईना. मी तिथंच, कठड्याला धरून, त्यांना सांगितलं. तू त्यांना सांगितलेलं नाहीस हे मला माहीत होतं. तुझ्यावरचं ते एक ओझं तरी मला उचलता येण्यासारखं होतं.

त्या उभ्याच राहिल्या. शेजारची एक बाई कपडे वाळत घालत होती, तिनं हात थांबवला. त्यांनी विचारलं, "त्यानं मामा म्हणून हाक मारली?"

"हो."

"घरात पण तसंच म्हणायचा," त्या म्हणाल्या. "मामा रागीट हायती, पण हात सोन्याचा हाय म्हणायचा."

आणि आत गेल्या. मला वाटलं, झालं. मी जिन्याकडे वळणार तोच त्या बाहेर आल्या. हातात चहाचा कप होता. माझ्या तोंडाकडे न बघता त्यांनी तो कठड्यावर ठेवला, आत गेल्या आणि आतून सुजाताचं रडणं ऐकू आलं.

मी त्या कपासमोर उभा राहिलो. चहावर साय धरली. मग जिना उतरून निघून आलो.

ज्या बाईचा मुलगा माझ्यामुळे गेला तिच्या हातचं मी कोणत्या तोंडानं घेऊ? पण कप भरलेला बघून रखमाबाईंना काय वाटलं असेल, शेजारणीनं तुला काय सांगितलं असेल, हे मला चाळीत आल्यावर सुचलं. माझ्यासारख्या माणसाबद्दल दुसरं काय वाटणार?

म्हणून लिहितो. बाकी तुला, तुझ्या आईला माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू दे. पण तो चहा मी घेतला नाही, तो जातीमुळे नव्हे. एवढं रखमाबाईंना सांग.

गुणाजी